न पुसल्या जाणाऱ्या वहीची गोष्ट

माघ पौर्णिमेच्या सुमारास मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या दरेकसा या लहानशा स्थानकावर एकदम गर्दी उसळते. पिवळे फेटे, पिवळे झेंडे, डोक्यावर गाठोडी, कडेवर मुलं. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, धनेगावच्या डोंगरात कचारगडची नैसर्गिक गुहा आहे. तिथं ही माणसं निघालेली असतात. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा इथूनही लोक येतात. कोया पुनेम मानणाऱ्या गोंड समाजाचं हे उगमस्थान. माता कली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं, त्यांना धर्म दिला, गोत्रं दिली, अशी श्रद्धा आहे.

या जत्रेत सोयरिकीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही किती देवांचे?’ चार देवांचे, पाच देवांचे, सहा की सात? ज्यांच्या देवांची संख्या सारखी ते एकमेकांचे भाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. ही नोंद परंपरेनं कोणत्या एका कचेरीत ठेवलेली नव्हती. ती प्रत्येक घराला पाठ, शेजारच्या घराला पाठ आणि वंशावळी गाणाऱ्या परधानांनाही पाठ. एखाद्यानं आपली नोंद बदलायची म्हटली तर किती जणांची तोंडं बंद करावी लागतील!

एकच वही अनेकांनी सांभाळायची, म्हणजे कुणा एकाला ती गुपचूप बदलता येणार नाही. ही कल्पना आज जगभरच्या विद्यापीठांत ‘ब्लॉकचेन’ या नावानं अभ्यासली जाते. तिचा उच्चार झाला की आपल्याला बिटकॉइन, सट्टा, रातोरात श्रीमंत झालेली आणि बुडालेली माणसं आठवतात. पण ही वही आता आपल्या अंगणात आली आहे. कचारगडच्या दक्षिणेला गडचिरोली जिल्ह्यातलं एटापल्ली. २०२२ च्या मार्चमध्ये तिथल्या सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवण्याची योजना जाहीर झाली. त्यासाठी भारतीय तरुणांनी उभारलेली ‘पॉलिगॉन’ ही साखळी निवडण्यात आली. बनावट दाखले ओळखता यावेत, हा हेतू. ज्या समाजाची नोंद पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आली, त्याच्या ओळखीचा कागद जगातल्या सर्वांत नव्या वहीत चालला आहे. म्हणून या वहीचा इतिहास आपणही समजून घ्यायला हवा. तो पैशापासून सुरू होत नाही.

आधी ही वही चालते कशी ते पाहू. मी तंत्रज्ञ नाही. दुकानदाराची किर्द मात्र आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. पान भरलं की खाली बेरीज आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून पुढे’. आता कल्पना करा, की पुढच्या पानावर नुसती बेरीज न नेता मागच्या अख्ख्या पानाचा अंगठ्याचा ठसा नेला. संगणकात असा ठसा गणितानं काढता येतो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. मजकुरातला एक काना बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असेल, तर दहाव्या पानावर केलेली खाडाखोड अकराव्या पानावर उघडी पडते. अकरावं सुधारलं तर बारावं चुगली करतं. अशी पानांची साखळी आणि तिच्या हुबेहूब प्रती हजारो ठिकाणी. ब्लॉकचेन म्हणजे मुळात एवढंच.

हे सुचलं कुणाला? १९९१ साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकी संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. ते न्यू जर्सीतल्या ‘बेलकोर’ या दूरध्वनी कंपन्यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांचा प्रश्न साधा होता. कागदावरची खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकातल्या दस्तऐवजाची तारीख कुणी मागेपुढे केली तर ते कळणार कसं? त्यांनी दस्तऐवजांचे ठसे एकमेकांना जोडण्याची युक्ती काढली. पुढे त्यांच्या कंपनीनं १९९५ पासून दर आठवड्याला असा एक ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या लाखो प्रती घरोघरी, वाचनालयांत गेलेल्या. त्या सगळ्या गोळा करून कोण बदलणार? जगातली पहिली ब्लॉकचेन वर्तमानपत्रात छापली जात होती, असं म्हटलं तर ते फारसं चूक नाही. रद्दीवाल्याच्या तराजूत तिचे किती दुवे गेले असतील!

दुसरा धागा त्याहून जुना. १९८२ साली लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीस यांनी एक कोडं मांडलं. शहराला वेढा घातलेल्या अनेक सेनापतींना एकाच वेळी हल्ला करायचा आहे. त्यांच्यात बोलणं होतं ते फक्त जासुदांमार्फत आणि काही सेनापती फितूर आहेत. तरी एकमत व्हावं कसं? फितुरीचा प्रश्न आपल्या इतिहासाला नवा नाही. या तिघांनी त्याचं गणित मांडलं. साध्या निरोपांवर काम चालत असेल, तर फितूर एक तृतीयांशापेक्षा कमी असावे लागतात, तरच प्रामाणिकांचं एकमत टिकतं. १९९९ मध्ये मिगेल कॅस्ट्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी ही युक्ती प्रत्यक्ष संगणकांवर पुरेशा वेगानं चालवून दाखवली.

तिसरा धागा श्रमाचा. १९९२ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी सुचवलं, की ई-मेल पाठवणाऱ्या संगणकाला आधी एक छोटं कोडं सोडवायला लावावं. एका पत्रासाठी ते कष्ट जाणवणार नाहीत. लाखो फालतू पत्रं पाठवणाऱ्याला मात्र ते परवडणार नाहीत.

२००८ च्या ऑक्टोबरअखेरीस सातोशी नाकामोतो या नावानं एक नऊ पानी निबंध प्रसिद्ध झाला. लेखक कोण, हे आजही सिद्ध झालेलं नाही. त्यानं हे धागे एकत्र विणले: ठशांची साखळी, अनोळखी लोकांचं एकमत आणि पान लिहिण्याच्या हक्कासाठी श्रमाचं कोडं. त्याच्या संदर्भयादीत आठ नोंदी आहेत, त्यांतल्या तीन हेबर-स्टॉर्नेटा यांच्या कामाच्या. गंमत अशी, की ‘ब्लॉकचेन’ हा शब्द त्या निबंधात नाही. तो मागाहून रुळला. २००९ च्या जानेवारीत बिटकॉइन सुरू झालं. प्रिन्स्टन विद्यापीठातले अरविंद नारायणन आणि कॅनडातले जेरेमी क्लार्क यांनी २०१७ मध्ये या वंशावळीवर एक निबंध लिहिला. बिटकॉइनचे जवळजवळ सगळे तांत्रिक भाग १९८० आणि ९० च्या दशकांतल्या विद्यापीठीय संशोधनात सापडतात, असं त्यांनी दाखवलं. नवं होतं ते भाग जोडण्याचं कौशल्य.

यानंतर विद्यापीठांनी काय केलं? पहिली काही वर्षं फारसं काही नाही. पदवी नाही, संस्थेचं नाव नाही, अशा लेखकाला विद्वानांनी आत घेतलं नाही. मग २०१३ च्या सुमारास अभ्यास सुरू झाला, तो शंकेखोर नजरेनं. कॅलिफोर्नियातल्या सारा माइकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की बिटकॉइनचे व्यवहार समजले जातात तितके निनावी नसतात. वहीतून माग काढता येतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या इत्ताय एयाल आणि एमिन ग्युन सिरर यांनी दाखवलं, की बहुमत प्रामाणिक असलं तरी लहानसा गट लबाडीनं आपल्या वाट्यापेक्षा जास्त कमावू शकतो. विद्यापीठाचं काम हेच. जाहिरात ज्याला अभेद्य म्हणते, त्याची भिंत ठोकून पाहायची.

२०१६ मध्ये फिनलंड आणि कोरियातल्या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासाचा आढावा घेतला. त्यांच्या चाळणीतून ४१ निबंध उरले, त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक बिटकॉइनवरचे. बाकीच्या उपयोगांना २० टक्केही जागा नव्हती. पुढे हे चित्र पालटलं. २०१५ मध्ये ‘इथेरियम’ सुरू झालं. त्यात वहीच्या पानावर नुसती नोंद नव्हे, तर करारच लिहिता येतो. अट पुरी झाली की तो आपोआप अमलात येतो. मग आरोग्याच्या नोंदी, जमिनीचे दस्त, मालाची वाहतूक, पदव्या अशा प्रत्येक विषयावर निबंधांचा पूर आला. पिट्सबर्ग विद्यापीठानं ‘लेजर’, म्हणजे खतावणी, या नावाचं नियतकालिकच काढलं. त्यातल्या निबंधांचे ठसेही बिटकॉइनच्या साखळीत नोंदवले जाऊ लागले.

पूर ओसरू लागल्यावर गाळ दिसतो. २०१८ च्या सुमारास सूर बदलला. झुरिकच्या कार्ल व्युस्ट आणि आर्थर जर्वे यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारलं, तुम्हाला खरंच ब्लॉकचेन हवी आहे का? वही लिहिणारा एकच आणि त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास, असं असेल तर साधी वही पुरते, हे त्यांचं उत्तर. ‘मर्स्क’ आणि ‘आयबीएम’ या बलाढ्य कंपन्यांनी जहाजी मालासाठी २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ ही वही सुरू केली. उद्योगातल्या सगळ्यांचं हवं तितकं सहकार्य मिळालं नाही, म्हणून २०२२ च्या अखेरीस ती बंद करण्याची घोषणा झाली. तंत्र चाललं, पण माणसं जमली नाहीत. दुसरी टीका विजेवरची होती. श्रमाचं कोडं सोडवताना संगणक प्रचंड वीज खातात. संशोधकांनी पर्याय शोधले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं कोड्याची पद्धत सोडून ठेवीवर आधारलेली पद्धत घेतली. त्याची विजेची गरज ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

भारतातही पावलं पडली. मोबाइलवर येणारे जाहिरातींचे संदेश आवरण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणानं २०१८ मध्ये अशा वाटलेल्या वहीची सक्ती केली. नीती आयोगानं २०२० मध्ये आणि केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं २०२१ मध्ये आपापलं धोरण मांडलं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ‘विश्वस्य’ ही सरकारी ब्लॉकचेन व्यवस्था सुरू झाली. तिच्या तीन केंद्रांपैकी एक पुण्यात आहे.

या सगळ्या वाटचालीत मला एक घटना सर्वांत बोलकी वाटते. जून २०१६ मध्ये इथेरियमवरच्या ‘डाओ’ नावाच्या सामूहिक निधीतून करारातल्या एका चुकीचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख ईथर काढून नेले गेले. वहीच्या नियमानुसार ते परत आणता येत नव्हते. लिहिलं ते लिहिलं. पण जुलैमध्ये बहुसंख्यांनी ठरवलं, की वही एका ठरलेल्या पानापासून वेगळी पुढे न्यायची आणि पैसे परत करायचे. काहींनी नकार दिला. वहीच्या दोन वह्या झाल्या. दोन्ही पुढे चालत राहिल्या. न पुसली जाणारी वहीसुद्धा माणसांनी ठरवलं तर बदलते. प्रश्न उरतो तो, ठरवणारी माणसं कोण?

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. वही पुसता येत नाही हे खरं, पण तिच्यात पहिली ओळ लिहिणारा खरं लिहितो कशावरून? संशोधक याला ‘ऑरॅकल’चा प्रश्न म्हणतात, आपण त्याला कौलाचा प्रश्न म्हणू. बाहेरच्या जगातली गोष्ट वहीला स्वतःला दिसत नाही. कुणीतरी तिला सांगावी लागते आणि त्या सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. खोटं एकदा आत गेलं, की ही वही त्या खोट्याचंही तितक्याच निष्ठेनं रक्षण करते.

आता एटापल्लीच्या दाखल्यांकडे परत येऊ. आपल्या राज्यात अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० ही तारीख आडवी येते. त्या आधीपासून कुटुंब इथलं असल्याचा पुरावा लागतो. मग आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, जुना बंदोबस्ताचा कागद यांची शोधाशोध. त्या काळी गुरुजींनी किंवा कोतवालानं ऐकलं तसं लिहिलं. एखादा शब्द गाळला, एखादा जोडला. ती ओळ लिहिणाऱ्याला काय ठाऊक, की साठ-सत्तर वर्षांनी नातवाचं शिक्षण आणि नोकरी त्या एका शब्दाला टांगलेली असेल!

विदर्भाला या एका शब्दाची किंमत माहीत आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. गोवारी समाजाचं म्हणणं, ते आम्हीच. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनावर या समाजाचा मोर्चा आला. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यात बाया आणि लेकरंही होती. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं समाजाच्या बाजूनं निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला: गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे. मधल्या काळातले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या राखल्या. कोणाचं म्हणणं बरोबर, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. बनावट दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या, हेही तितकंच खरं आणि त्यासाठी दाखला पडताळता येणं गरजेचंच आहे. मी एवढंच म्हणतो, की या वादाला ब्लॉकचेनजवळ उत्तर नाही. दाखला कार्यालयातून निघाल्यावर कुणी त्यात फेरफार केला का, हे ती चोख सांगेल. दाखल्यावरचा शब्द न्याय्य होता का, हे ती सांगू शकत नाही.

या बाबतीत जुन्या विद्यांकडून शिकण्यासारखं आहे. माझ्या घरातल्या परंपरेतला एक दाखला देतो. पैगंबरांचं वचन म्हणून जे सांगितलं जातं, त्या हदीसच्या मागे सांगणाऱ्यांची साखळी असते. अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, त्यानं त्याच्या आधीच्याकडून. तिला ‘इस्नाद’ म्हणतात. साखळीतला एक दुवा तुटला तर वचनाचं वजन घटतं. पण साखळी अखंड आहे एवढ्यावर विद्वान थांबले नाहीत. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खरं बोलणारा होता का, याचे चरित्रकोश त्यांनी रचले. शिवाय मूळ मजकूरही वेगळा तपासला. दुव्याची तपासणी, माणसाची तपासणी आणि मजकुराची तपासणी. ब्लॉकचेन यांतलं पहिलं काम अप्रतिम करते. उरलेली दोन कामं आपल्यालाच करायची आहेत.

आणि चूक सापडली तर? खरं तर आपल्या तलाठ्याच्या दप्तरात याची एक शहाणी रीत आहे. सातबारावरचं जुनं नाव खोडत नाहीत. फेरफार मंजूर झाला की त्या नावाला कंस होतो आणि नवं नाव लिहिलं जातं. जुनं दिसत राहतं, नवं लागू होतं. ब्लॉकचेनमध्येही दुरुस्ती अशीच, नवी नोंद जोडूनच, करता येते. २०२३ च्या आपल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं माणसाला स्वतःबद्दलची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. न पुसल्या जाणाऱ्या वहीत हा हक्क बसवायचा कसा, यावर आज जगभर संशोधन चालू आहे. म्हणजे ‘कुणीही बदलू शकणार नाही अशी वही कशी करावी’ इथून निघालेली विद्या ‘योग्य माणसाला योग्य रीतीनं कशी बदलता येईल’ इथवर आली आहे. माझ्या समजुतीनं या संशोधनाच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं वळण आहे. एटापल्लीच्या पोराच्या दृष्टीनं तर नक्कीच. कारण त्याच्या दाखल्यात चूक झाली तर ती कंसात घालायची लेखणी कुणाच्या हाती आहे आणि तिथवर पोचायला त्याला किती खेटे घालावे लागतील, यावर त्याचं सगळं अवलंबून आहे.

कचारगडची कथाही एकदा अशीच परक्या हातानं कागदावर आली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचं गीत उतरवून घेतलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केलं. पुढची अनेक दशकं अभ्यासकांसाठी तीच पहिली ओळ ठरली. मग समाजातून मोतीरावण कंगाली उभे राहिले. नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत नोकरी, म्हणजे खातेवह्यांच्याच घरात. आणि उरलेल्या वेळात गोंडी भाषा, लिपी, कोया पुनेम यांचा अभ्यास. लिंगोची कथा त्यांनी आतून, आपल्या माणसांच्या तोंडून ऐकून लिहिली. २०१५ मध्ये ते गेले. हिस्लॉपचं पुस्तक कुणी जाळलं नाही. तेही कपाटात आहे, कंगालींचंही आहे आणि वाचणारा दोन्ही शेजारी ठेवून वाचतो.

गुहेची कथा सांगते, की दारावरची शिळा हलवण्यासाठी हिरासुका पाटालीर यानं किंगरी वाजवली. आतली मुलं जागी झाली, त्यांनी जोर लावला, शिळा घरंगळली आणि वाजवणाराच तिच्याखाली गेला. ही नोंद कोणत्याही यंत्रात नव्हती. तरी दर माघ पौर्णिमेला तो डोंगर चढणारी माणसं त्याचं नाव घेतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)